जुन्या बाजारातली सागवानी खुर्ची: उसवण्यापासून कापडापर्यंत

१४ जून

रविवारच्या जुन्या बाजारात सकाळी लवकर गेले होते. पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे निम्मा माल ताडपत्रीखाली. तिथेच ही हातांची खुर्ची उलटी पडलेली दिसली. उलटी होती म्हणूनच घेतली. जुनी खुर्ची कधीही खालून बघावी, वरचं कापड काहीच सांगत नाही. खाली नवार तुटून लोंबत होती आणि दोन स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या, पण चारही पाय आणि हात अस्सल सागवानाचे. पायाच्या तळाशी किल्लीने जरासं खरवडलं तर तो ओळखीचा तेलकट वास आला. शिवणींमध्ये टॉर्च मारून ढेकूण आहेत का ते पाहिलं. काळे ठिपके नाहीत, त्यांनी टाकलेली कात नाही. मागचा डावा पाय हलत होता, पण सांधा सैल होणं आणि मोडणं यात फरक आहे. विक्रेत्याने २२०० सांगितले, १५०० ला मिळाली.

१६ ते २१ जून

सगळा आठवडा उसवण्यात गेला, आणि मला जे काही कळलं ते याच आठवड्यात कळलं.

वरून हिरवं रेक्झीन. त्याखाली फुलाफुलांची टेपेस्ट्री. तिच्याखाली खाकी जाड कापड, तेच मूळचं असावं. प्रत्येक वेळी आधीचं न काढता वर नवं ठोकलेलं. एकेक चूक (कापड ठोकायचा बारीक खिळा) पेचकसाने उचलून पकडीने ओढायची. घाई केली की सागवानाचा तुकडा सोबत निघतो, एका कोपऱ्यात तसा निघालाही. चुका मोजायचं मी तिसऱ्या दिवशी सोडलं. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा भरला.

खाकी कापडाखाली पातळ कापूस, मग तरट, मग काथ्याचा जाड थर, पुन्हा तरट, मग सुतळीने एकमेकींना बांधलेल्या ९ स्प्रिंगा आणि सर्वांत खाली नवार. प्रत्येक थर निघाला की फोटो, आणि वहीत आकृती: दोरी कुठून निघाली, कुठे गाठ आहे, कोणत्या बाजूला ठोकली आहे. कापडाचे तुकडेही फाटले तरी फेकले नाहीत, त्यांच्यावर ‘पुढची’, ‘मागची’ असं लिहून ठेवलं. शेवटचा थर काढून झाला तेव्हा माझ्या हातात पूर्ण कृती होती, फक्त उलट्या क्रमाने. व्हिडिओ पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यातली एकही खुर्ची ही खुर्ची नव्हती. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कळकळीने सांगते, हे काम दुसऱ्याकडून उरकून घेऊ नका आणि रात्रीत संपवूही नका.

काथ्या पोत्यात भरून पेठेतल्या गादीवाल्या चाचांना दाखवायला नेला.

“ताई, एवढा खटाटोप कशाला? चार इंची फोम टाका, चाळीस डेन्सिटीचा. तासाभरात खुर्ची तयार.”

“चाचा, पण हा काथ्या वाया गेलाय का, ते तरी बघा.”

त्यांनी मूठभर काथ्या काढला, घट्ट दाबला आणि मूठ उघडली. काथ्या हळूहळू फुलून पूर्वीसारखा झाला. त्यांनी तो पुन्हा दाबून पाहिला. मग म्हणाले, “हा पिळाचा काथ्या आहे. दोरीसारखा वळून मग सोडलेला असतो, म्हणून कुरळा. टाकू नका. पाण्यात घालू नका. ऊन पडलं की काठीने झोडपा आणि हाताने मोकळा करा.” फोमचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फोम वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण तो काही वर्षांनी भुगा होऊन खाली सांडतो, हे घरच्या सोफ्यात पाहिलंय. तीन कापडं जुनी होऊन गेली तरी ज्याची उसळी गेली नाही, ते काढून त्याच्या जागी फोम भरणं मला जमणार नव्हतं.

२८ जून

पायाचा सांधा. आतला डिंक पिवळट, काचेसारखा तडकणारा, म्हणजे जुना सरस. गरम पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवली, वीस मिनिटांत तो मऊ झाला आणि पाय अलगद सुटला. कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारं टोक, शाबूत होतं. जुना सरस पूर्ण खरवडून कोरडं लाकूड उघडं केलं, कारण फेविकॉल जुन्या डिंकावर धरत नाही. सांधा दाबून धरायला शिकंजा नव्हता, म्हणून सायकलच्या फाटक्या ट्यूबची लांब पट्टी कापली आणि ताणून ताणून गुंडाळली. गोलसर, तिरक्या पायांना तिची पकड उत्तम बसते. एक दिवस तसंच ठेवलं.

मागची आतली पट्टी मात्र सागवानाची नाही. तिच्यात टाचणीएवढी भोकं होती आणि ठोकलं की पीठ गळत होतं. सागवानाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण सुतार आत न दिसणाऱ्या जागी हलकं लाकूड वापरतात आणि कीड तिथे बरोबर पोहोचते. पट्टी बदलली.

जुलै

नवार सुती घेतली, दोन इंची. पुढून मागे पाच पट्ट्या, आडव्या पाच, एक वर एक खाली विणून. टोक दुमडून दोन रांगांत चुका. नुसत्या हाताने ती पुरेशी ताणली जात नाही. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, ठोकळा चौकटीच्या कडेला टेकवून तरफेसारखा खाली दाबायचा. बोटाने वाजवली की ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे.

मग स्प्रिंगा. दाभणाने नवारीला प्रत्येकी चार टाके घालून बसवल्या आणि सुतळीने बांधल्या. पहिल्यांदा केलेलं सगळं सोडावं लागलं. मी प्रत्येक स्प्रिंग वेगवेगळी दाबून बांधली होती, त्यामुळे मधली उंच आणि कडेच्या बाहेर झुकलेल्या. बसलं की डावीकडे घसरायला होत होतं. वहीतली आकृती पुन्हा काढली तेव्हा कारण सापडलं: मूळ कारागिराने प्रत्येक ओळीची दोरी मधल्या स्प्रिंगेपासून सुरू केली होती आणि कडेच्या स्प्रिंगा किंचित बाहेर कलवून, दोरी त्यांच्या खालच्या वेढ्याला धरून मग चौकटीला नेली होती. वजन पडलं की त्या सरळ होतात. तसंच केलं. आधी पुढून मागे, मग आडव्या, मग तिरक्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगेवर आठ ठिकाणी दोरी येते. सुतळीला मधमाशांचं मेण चोळून घेतलं, त्यामुळे गाठ सरकत नाही आणि तारेवर घासून दोरी झिजतही नाही. सहा इंची स्प्रिंगा साडेचार इंचांवर आल्या. तीन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्यांदा बसले तेव्हा खुर्ची सरळ खाली गेली आणि सरळ वर आली, तो आनंद अजून आहे.

याच महिन्यात पॉलिश करायला घेतलं आणि फसलं. कापसावर स्पिरिट घेऊन पायाच्या आतल्या बाजूला घासलं तर जुनं पॉलिश विरघळलं, म्हणजे ते लाखेचं. लाख असेल तर पॉलिश पेपरने घासत बसायची गरज नसते, स्पिरिट आणि जाडंभरडं कापड पुरतं आणि लाकडाचा जुना रंगही राहतो. १०० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला. पॉलिशचे दोन हात मारले, सकाळी खुर्चीचे हात दुधासारखे पांढरे. हा पावसाचा दोष. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा तिथे जमतो आणि थरात अडकतो. वर आणखी पॉलिश चढवायचा मोह होतो, तो टाळा. मी काम तिथेच थांबवलं.

ऑगस्ट, सप्टेंबर

पाऊस असेपर्यंत काथ्याचं काम. उघडीप मिळाली त्या दोन दुपारी गच्चीवर झोडपून घेतला होता. स्प्रिंगांवर तरट ताणून त्यावर सैल टाक्यांचे फास घातले आणि त्या फासांखाली काथ्या मूठमूठ कोंबला. फास नसतील तर काथ्या वर्षभरात मध्यभागातून कडेला सरकतो. वरून दुसरं तरट, मग कडेची शिवण. दाभण तिरकं आत घालून काथ्या कडेकडे ओढायचा, आणि दुसऱ्या रांगेत ती कड चिमटून घट्ट वळकटी करायची. या कामाला मला चार संध्याकाळी लागल्या आणि बोटांना चिकटपट्ट्या. पण पुढची कड मांडीला बोचत नाही आणि दबतही नाही, ती याच शिवणीमुळे. त्यावर कापसाचा थर आणि मांजरपाट. मांजरपाटावरच खुर्ची महिनाभर वापरली, म्हणजे खड्डा कुठे पडतो ते कळतं. मागे डावीकडे पडला, तिथे आणखी काथ्या भरला.

ऑक्टोबर

पाऊस गेला, हवा कोरडी आणि तापलेली. पांढरे डाग स्पिरिटच्या बोळ्याने विरघळवून काढले आणि नव्याने पॉलिश केलं: मलमलीत बांधलेला कापसाचा बोळा, पातळ पातळ आठ हात, मध्ये एकेक दिवस. हात ठेवायच्या जागी सागवानाच्या रेषा आता उन्हात तांबूस दिसतात.

कापडासाठी आधी खण बघितला होता. रंगाला तोड नाही, पण पन्हा लहान पडतो आणि रोजच्या बसण्याला विणही नाजूक. शेवटी सोलापुरी चादर घेतली, मरून आणि पांढरी. जाड सुती, नक्षी विणीतलीच, त्यामुळे घासली तरी उडत नाही. दोनदा धुऊन आधीच आटवून घेतली. तिची एकच अडचण आहे, कापलेली कड लगेच सुटते. म्हणून कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी मशीनची शिवण मारली. नक्षीचं मधलं फूल बैठकीच्या मधोमध ठेवून चारही बाजूंच्या मध्यावर एकेक कच्ची (अर्धवट ठोकलेली) चूक, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. हातांच्या खांबाशी कापड तिरकं कापावं लागतं आणि तो काप खांबाच्या एक बोट अलीकडे थांबवावा लागतो. चादर एकच होती, म्हणून तो काप आधी जुन्या रेक्झीनच्या तुकड्यावर दोनदा करून पाहिला. पक्क्या चुका शेवटी, आणि कड झाकायला त्याच चादरीच्या काठाची पट्टी.

खुर्चीचा तळ झाकणारं काळं कापड मुद्दाम ठोकलेलं नाही. नवी सुती नवार सुरुवातीला जराशी सैल होते असं चाचा म्हणाले. दिवाळीनंतर खुर्ची उलटी करून वाजवून बघणार आहे, लागलं तर एखादी पट्टी पुन्हा ताणून मगच खालून बंद करेन.