लघवीच्या पिशवीकडेही बघा

कोविडच्या दुसऱ्या लाटेतली आणखी एक आयसीयू ड्यूटी संपली. सगळे ऑक्सिजनचा आकडा विचारतात, मी आज दिवसभर खाटेला टांगलेली लघवीची पिशवी बघत होते. व्हेंटिलेटरवरचे काका साधारण 60 किलोचे, तासाला निदान 30 मिली लघवी हवी. पिशवीच्या तळाशी जेमतेम कोऱ्या चहासारखं काहीतरी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, 1.1 वरून थेट 3.4. हा आजार नुसता फुप्फुसांचा नाही हो! बीपी पडतं, रक्तात गुठळ्या होतात, किडनी बसते. नेहमीचं डायलिसिस झेपलं नसतं, म्हणून चोवीस तास संथ चालणारं लावलं.

काकूंनी फोनवर विचारलं, "आता जन्मभर का हो?" नाही काकू, यातून वाचलेल्या बऱ्याच जणांची किडनी सावरते. पण घरी गेल्यावरही क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यायची. आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने अजिबात घ्यायच्या नाहीत.