मॅन्झनार : दहा हजार नावं आणि एक फोटो

लॉस एंजेलिसहून 395 हायवेने उत्तरेला निघालं की लोन पाइन गाव मागे टाकल्यावर थोड्याच वेळात डाव्या हाताला लाकडी टेहळणी मनोरा दिसतो. मूळचा नव्हे, 2005 साली नव्याने उभारलेला. तिथेच वळायचं.

मी गेले ती फोनमधल्या एका फोटोपायी. फोटोग्राफर डोरोथिया लँगने 2 जुलै 1942 रोजी मॅन्झनारच्या छावणीत काढलेला. बेसबॉल खेळणारी पोरं घोळका करून उभी आहेत. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावली होती. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! त्यांना ज्या दहा छावण्यांत डांबलं त्यांपैकी मॅन्झनार ही एक. फोटोखालची ओळ सांगते की आत्तापर्यंत 80 संघ तयार झालेत आणि खेळ बहुतेक बराकींच्या मधल्या रुंद फायरब्रेकमध्ये चालतो. एकाही मुलाचं नाव नाही.

निदान जागा तरी सापडेल असं वाटलं होतं. फायरब्रेक म्हणजे आग पसरू नये म्हणून सोडलेला मोकळा पट्टा. पण छावणीत 36 ब्लॉक होते आणि असे पट्टे कितीतरी. बराकी तर युद्धानंतर मोडूनच टाकल्या. ब्लॉक 14 मध्ये नमुन्याला दोन उभ्या केल्यात, बाकी सगळीकडे झुडपं आणि वाळू. फोन डोळ्यांसमोर धरून मी तासभर फिरले. नवरा गाडीत एसी लावून बसला. त्याचंच बरोबर होतं म्हणा.

छावणीच्या जुन्या सभागृहात आता संग्रहालय आहे. तिथे एक भलंमोठं कापड टांगलंय, त्यावर इथे डांबलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांची नावं. फोटोतली पोरं त्यात असणारच. पण चेहरे माझ्या हातात, नावं समोर, आणि एकही जोडी लावता येईना.

मग तोयो मियाताके आठवले. कैद्यांना कॅमेरा बाळगायची बंदी, तरी या फोटोग्राफरने एक लेन्स लपवून आत आणली आणि लाकडी खोक्याचा कॅमेरा करून घेतला. काटेरी तारेमागे उभ्या तीन मुलांचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. त्या तिघांची नावं आज ठाऊक आहेत. लँग बाहेरून आलेली, सरकारने नेमलेली. तार, मनोरे, बंदूकधारी टिपायची तिला मनाई. मियाताके त्याच छावणीत कैदी म्हणून राहणारे. त्यांना ती पोरं कुणाची हे विचारावं लागलं नसणार.

निघताना बेसबॉलचं मैदान पाहिलं. जुन्या जागेवरच पुन्हा तयार केलेलं; 2024 च्या ऑक्टोबरात तिथे जपानी-अमेरिकन संघांचा सामनाही झाला. पश्चिमेला माउंट विल्यम्सन, चौदा हजार फुटांच्या वर. मी होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, उभी राहून एक फोटो काढला. वाऱ्याने इतकी वाळू उडवली की त्यात मैदान दिसतच नाही.