'डिसइंटिग्रेट' म्हणजे नुसते तुटणे नव्हे

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना 'डिसइंटिग्रेट' या क्रियापदापाशी गाडी हमखास अडते. शब्दकोशात 'तुकडे होणे' असा अर्थ मिळतो आणि लगेच 'कप डिसइंटिग्रेट झाला' असे वाक्य वहीत उतरते. खरे तर तुटण्याच्या बाबतीत आमची मुले फार चोखंदळ आहेत. दोरी तुटते, काठी मोडते, मडके फुटते आणि कापड फाटते, यात त्यांची कधी गल्लत होत नाही. बाजारात कानावर पडणाऱ्या कन्नडमध्येही काठीला 'मुरी', मडक्याला 'ओडी' आणि कापडाला 'हरी' असे निराळे धातू आहेत. फक्त तिथे दोरीसुद्धा कापडाच्या पंगतीला बसते.

वस्तू कशाची आहे यावर ही क्रियापदे ठरतात. 'डिसइंटिग्रेट' मात्र ती वस्तू कशामुळे एकसंध होती, याकडे पाहते. लॅटिनमधील 'इंटिजर' म्हणजे अखंड, आणि गणितातील पूर्णांकालाही इंग्रजीत हेच नाव आहे. कण एकमेकांना धरून ठेवणारी पकड सुटली आणि वस्तूला तिचे रूप उरले नाही, की हे क्रियापद लागू पडते. म्हणूनच ते बहुतेक वेळा अकर्मक येते. हातातून पडून कपाचे चार तुकडे झाले, तर 'ब्रेक' किंवा फार तर 'शॅटर' म्हणावे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील असंख्य मातीची घरे गेली. भिंत कोसळली, म्हणजे 'कोलॅप्स' झाली, हे खरेच. पण पाण्यात राहून मातीची पकड सुटली आणि कच्च्या विटांचा चिखल झाला, त्या क्रियेला 'डिसइंटिग्रेट' हाच नेमका शब्द आहे. 'कोलंबिया' यानाच्या अपघातात हा भेद आणखी स्पष्ट दिसतो. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळून तेथे भगदाड पडले. १ फेब्रुवारीला परतताना त्यातून तप्त वायू आत शिरले आणि यान आकाशातच 'डिसइंटिग्रेट' झाले. पंखाला बसलेल्या पहिल्या तडाख्याला मात्र हे क्रियापद लागू होत नाही.

औषधनिर्माणशास्त्रात तर हा काटेकोरपणा मोजून पाहतात. आवरण नसलेली साधी गोळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सर्वसाधारणपणे १५ मिनिटांत सुटी व्हावी लागते, आणि त्या चाचणीला 'डिसइंटिग्रेशन टेस्ट' म्हणतात. गोळीचा भुगा झाला म्हणजे औषध विरघळले असे नव्हे. विरघळण्याची, म्हणजे 'डिसोल्यूशन'ची, चाचणी वेगळी असते.

मराठीत आपण या सगळ्यासाठी 'विघटन' वापरतो आणि कचरा कुजण्यालाही तोच शब्द देतो, हे मला गैरसोयीचे वाटते, कारण कुजण्याला इंग्रजीत 'डीकम्पोज' आहे. संस्थांच्या बाबतीतही जपून लिहावे लागते. ठराव करून मंडळ बरखास्त केले तर ते 'डिसबँड' होते. सीमाभागात आपल्याला चांगलीच परिचित असलेली फूट, म्हणजे एका संघटनेचे दोन गट होऊन दोघांनीही आपापले फलक लावणे, हे 'स्प्लिट' आहे. कार्यकर्ते एकेक करून घरी बसले, बैठका बंद पडल्या आणि कोणीही ठराव न करता संघटना नावापुरतीही उरली नाही, तर खुशाल 'डिसइंटिग्रेट' लिहावे.