मे क्लाँगचा प्ला थू आणि दगडी खलातली नाम प्रिक कापी

थाई घरात रोज काय शिजतं ते चाखायचं असेल, तर पाद थाय आणि हिरव्या करीच्या पलीकडे जायला हवं. मध्य थायलंडचं रोजचं जेवण म्हणजे भात, कुटलेली नाम प्रिक कापी (कापी, लसूण आणि मिरचीची चटणी), उकडलेल्या आणि कच्च्या भाज्या आणि सोबत तळलेला प्ला थू मासा. कोकणातल्या माणसाला हे ताट परकं वाटणारच नाही. प्ला थू हा आपल्या बांगड्याचा जवळचा नातलग, आणि कापी होते ती जवळ्यासारख्या बारीक कोळंबीला मीठ लावून आंबवून.

प्ला थूसाठी नावाजलेलं गाव म्हणजे समुत सोंगख्राम प्रांतातलं मे क्लाँग. बँकॉकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. वोंगवियन याय रेल्वे स्टेशनवरून महाछायची गाडी पकडायची. तासाभराचा प्रवास, तिकीट १० बाट. (त्याच नावाचं बीटीएसचं, म्हणजे उन्नत मेट्रोचं, स्टेशन वेगळं आहे, तिथून बरंच चालावं लागतं.) महाछायला बाजारातून धक्क्यावर जायचं, फेरीबोटीने ता चीन नदी ओलांडायची आणि पलीकडच्या बान लेम स्टेशनवरून पुन्हा १० बाटात तासाभराने मे क्लाँग. गोची होते ती बान लेमला. तिथून दिवसाला चारच गाड्या सुटतात, आणि एक चुकली तर तीनेक तास बसून राहावं लागतं. म्हणून आधी बान लेमची गाडी ठरवा, मग मागे हिशेब करत बँकॉकची. मध्ये एक तास हाताशी ठेवा. वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघा.

मे क्लाँगला रूळ बाजारातूनच जातात. गाडी आली की दुकानदार छपरं मिटतात आणि ती गेली की पुन्हा पसरतात. मासळी घ्यायला गर्दी ओसरल्यावर जा. प्ला थू बांबूच्या छोट्या गोल टोपल्यांत दोन-दोन, तीन-तीन मांडलेला असतो आणि प्रत्येकाची मान खाली मुडपलेली असते, कारण मासा टोपलीपेक्षा लांब असतो. तो मिठाच्या पाण्यात उकडलेला असतो, कच्चा नसतो. आखूड, रुंद, पातळ चकचकीत कातडीचा घ्या; पोट फुटलेला किंवा चिकट लागणारा नको. परतीच्या गाडीच्या आधी शेवटची खरेदी हीच ठेवा, बर्फात न्या आणि त्याच दिवशी संपवा.

तळताना आधी कागदाने मासा अगदी कोरडा करा. ओला असला तर तेल उडतं आणि कातडी कढईला धरते. तेल मध्यम-तीव्र आचेवर तापवून मासा सोडा आणि एक बाजू पूर्ण सोनेरी होईपर्यंत हलवू नका. लवकर उलटला की तुटलाच.

नाम प्रिक कापी चार जणांसाठी: एक मोठा चमचा कापी केळीच्या पानात गुंडाळून आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. उग्र वास जाऊन खमंग वास येऊ लागला की झालं. दगडी खलात सहा-सात बारीक लसूण पाकळ्या आणि पाच ते दहा बारक्या मिरच्या कुटा, मग कापी, मग मोठा चमचाभर ताडगूळ. शेवटी दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडाथोडा घाला, लागलं तर चमचाभर कोमट पाणी. मूठभर मटारएवढी हिरवी वांगी घालून फक्त दाबा. माशाचा सॉस चव घेतल्याशिवाय घालू नका. कापी मुळातच खारट असते. मिक्सरवर हे जमत नाही, लसूण उग्र होतो आणि सगळं पाणचट फेसाळ बनतं. कापीच्या जागी सुका जवळाही चालत नाही, कारण त्यात आंबवल्याची चव नसते. सोबत चवळीच्या शेंगा, उकडलेली भेंडी, काकडी आणि चा-ओमच्या (बाभळीच्या जातीच्या झाडाच्या) कोवळ्या पाल्याचं ऑम्लेट.

हे भातावर आमटीसारखं ओतायचं नाही. चमच्यात भात, त्यावर माशाचा तुकडा, भाजी आणि नखाएवढी नाम प्रिक, असा एकेक घास करायचा. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने भात चमच्यात ढकलायचा, काटा तोंडात घालायचा नाही.

मुक्कामी स्वयंपाकघर नसेल तर खाव केंगच्या दुकानात जा, म्हणजे काचेमागे तयार कालवणं मांडलेली असतात तिथे. बोटाने दाखवून 'सोंग यांग' म्हटलं की भातावर दोन पदार्थ येतात. अकराच्या सुमारास निवड सगळ्यात चांगली. दुपार टळली की उरतं ते तासन् तास उभं राहिलेलं. तिखट नको असेल तर 'माय फेत'.

शाकाहारी मंडळींनी एक पक्कं लक्षात ठेवावं: भाजीच्या करीच्या वाटणातही बहुतेक वेळा कापी असते, मांस वगळून भागत नाही. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनाही हाच धोका आहे. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडी नसतात, लसूण-कांदाही नसतो. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर, मुळा वेगळे विचारावेत.

बँकॉकमधली बरीच कुटुंबं संध्याकाळी कालवण अशा दुकानांतूनच विकत नेतात. 'क्लाप बान' (घरी न्यायचं) म्हटलं की दुकानदार ते पिशवीत घालून, हवा भरून, रबर गुंडाळून हातात देतात. कात्रीने कापायला जाऊ नका, गरम रस्सा अंगावर येतो. रबराचं मोकळं टोक शोधून उलट्या दिशेने ओढा, पिशवी वाडग्यात उभी ठेवून.