लॅक द ग्राच्या बर्फावर: खाण होण्याआधीचं हिऱ्याचं काम

हिऱ्याची खाण फोटोत सगळ्यांनी बघितलेली असते, पण खाण होण्याच्या आधी ती जागा शोधतात कशी हे फारसं कुणी बघत नाही, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. त्यामुळे एका एक्सप्लोरेशन कॅम्पवर कोअर लॉगिंगला, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दांड्या तपासून नोंदवायला, येशील का असं विचारल्यावर मी लगेच हो म्हणाले. माझं लहानपण गडचिरोलीतलं, आमच्याकडच्या वैरागडला जुन्या काळी हिऱ्यांची खाण होती, मुघलकाळातल्या नोंदीतही तिचा उल्लेख आहे. जिऑलॉजीची ओढ मला तिथूनच लागली.

ही जागा कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधली, यलोनाइफपासून साधारण 300 किलोमीटर ईशान्येला, लॅक द ग्रा नावाच्या मोठ्या तळ्याच्या आसपासची. विमानातून खाली बघत राहिलं की झाडं हळूहळू खुरटी होतात, विरळ होतात आणि मग संपतातच, उरतात फक्त खडक आणि गोठलेली तळी, किती तळी म्हणून सांगू! स्की लावलेलं छोटं विमान सरळ बर्फावरच उतरतं.

ड्रिलिंग ऐन थंडीत का, तर हिरे असलेला दगड म्हणजे किंबरलाइट बऱ्याचदा तळ्याच्या तळाशीच असतो. आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा तो मऊ, त्यामुळे हिमयुगात बर्फाने तो जास्त खरवडला, खड्डा झाला आणि खड्ड्यात पाणी साठलं. मग तळं गोठलेलं असतानाच बर्फावर पाणी ओतून ओतून जाडी वाढवायची आणि त्यावर ड्रिलिंगचं यंत्र म्हणजे अख्खी रिग उभी करायची. मे संपता संपता बर्फाचा भरवसा राहत नाही, म्हणून रिग दिवसरात्र चालू, बारा बारा तासांच्या शिफ्ट.

आणि या भागात हिरे आहेत हे कळलं कसं ती गोष्ट तर मला कितीही वेळा सांगावीशी वाटते. चक फिप्के आणि स्टुअर्ट ब्लसन या दोघा भूवैज्ञानिकांनी 1980च्या दशकात बर्फाने वाहून आणलेल्या मातीचे नमुने गोळा केले, त्यातले किंबरलाइटसोबत येणाऱ्या गार्नेट, क्रोमाइट या खनिजांचे बारीक कण बघत बघत बर्फ ज्या दिशेने आला होता त्या उलट्या दिशेने, पूर्वेकडे, शेकडो किलोमीटर मागे जात राहिले. 1991 मध्ये पॉइंट लेकखाली ड्रिलला किंबरलाइट लागला, मग कंपन्यांची झुंबड उडाली आणि 1998 मध्ये एकाटी ही कॅनडातली पहिली हिऱ्याची खाण सुरू झाली. वर्षानुवर्षं वाळू चाळत बसायची चिकाटी, त्यापुढे मी हात जोडते.

रिगवर ताडपत्रीचं शेड, आत हीटर आणि डिझेलचा वास. बिटच्या, म्हणजे ड्रिलच्या दगड कापणाऱ्या टोकाच्या, तोंडाला कृत्रिम हिऱ्यांचे कण बसवलेले असतात, म्हणजे हिरे शोधायला हिऱ्यानेच कापायचं. पाणी गोठू नये म्हणून ते गरम करून त्यात मीठ घालतात. तीन मीटरचा एक रन झाला की कोअरने भरलेली आतली नळी वायरने वर ओढायची. कितीतरी रन नुसता करडा-गुलाबी ग्रॅनाइट येत होता, आणि मग ड्रिलर एकदम म्हणाला, "पाणी बघ." भोकातून परत येणारं पाणी पांढुरकं होतं ते गढूळ हिरवट झालेलं, आणि बिटही भराभर खाली जायला लागलेला. नळी उघडली तर ग्रॅनाइट सुरीने कापल्यासारखा संपलेला आणि पुढे काळपट हिरवा दगड. त्यावर पाणी ओतलं तसे ऑलिव्हिन खनिजाचे गोलसर दाणे दिसायला लागले, मध्येच वाटाण्याएवढा जांभळट लाल पायरोप गार्नेट, एक पोपटी क्रोम डायॉप्साइड आणि वर येताना सोबत ओढून आणलेले ग्रॅनाइटचे तुकडे. दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोलवरून निघून साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी वर आलेला दगड हातात होता, माझे डोळे भरून आले.

हिरा मात्र दिसत नाही! डायाव्हिकसारख्या श्रीमंत खाणीतसुद्धा टनाला तीन-चार कॅरेट म्हणजे एक ग्रॅमही नाही, तर मनगटाहून बारीक कोअरमध्ये काय दिसणार. म्हणून कोअरचे तुकडे पिशव्यांत सील करून लॅबला जातात, तिथे कॉस्टिक सोड्यात दगड वितळवतात आणि मागे उरलेले मायक्रोडायमंड मोजतात. बिटमधून सुटलेले कृत्रिम कणही त्यात येतात, ते ओळखून बाजूला काढावे लागतात. त्या बारीक हिऱ्यांच्या आकारांवरून मोठे असतील का याचा अंदाज बांधतात.

एक गोष्ट मनाला लागते ती कॅरिबूंची, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरची. इथला बाथर्स्ट कळप 1980च्या दशकात चार लाखांच्या वर होता, 2018 मध्ये 8,200च्या आसपास उरला. कारणं अनेक सांगतात, पण खाणी आणि रस्ते त्यांच्या वाटेत आहेत हे खरं, आणि इथल्या मूळच्या डेने लोकांचं जगणंच पिढ्यानपिढ्या या कळपावर उभं होतं. कळप जवळ आला की काम थांबवायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, मग ड्रिलचे कितीही तास जावोत.

रिझल्ट यायला महिने लागतात. तोवर थांबायला बर्फ नाही, म्हणून भोक सिमेंटने बुजवून रिग पुढच्या तळ्यावर हलवली आणि मी बॉक्सवर मीटरचे आकडे लिहायला बसले.