हायड्रेंजिया लावायचंय? आधी फॉर्म भरा!

न्यू जर्सीत घरापुढे हायड्रेंजियाचं फुलझुडूप लावणं हे खरं तर एका सकाळचं काम. पण आमची टाउनहाउसची वसाहत, त्यामुळे दाराबाहेर काहीही लावायचं तर असोसिएशनच्या समितीची मंजुरी लागते. समिती बसते महिन्यातून एकदा.

मी फॉर्मवर 'हायड्रेंजिया' लिहिलं. अर्ज परत आला, 'जात लिहा.' नर्सरीच्या लेबलवर फक्त 'निळं हायड्रेंजिया', म्हणून लेबलचा फोटो जोडला. पुन्हा परत. शिवाय 'स्थानिक की बाहेरचं' हा रकाना रिकामा म्हणून लाल गोल! फोनवरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "दोन्हीपैकी एकावर खूण हवीच." हंगाम चाललाय, रोप कुंडीत माना टाकतंय, आणि ह्यांना खूण हवी.

मग चिडून वाचायलाच बसले. चेंडूसारख्या निळ्या-गुलाबी गुच्छांचं मॅक्रोफिला मूळचं जपानचं. रानात त्याचा गुच्छ चपटा असतो, मधे बारीक खरी फुलं आणि कडेला मोठी वांझ फुलं. बागेतल्या चेंडूत जवळजवळ सगळी वांझच. शंकूसारख्या तुऱ्यांचं पॅनिक्युलाटा जपान-चीनकडचं. अर्बोरेसेन्स मात्र पक्कं इथलं, पूर्व अमेरिकेतलं. इंग्लंडमधल्या पीटर कॉलिन्सन या बागप्रेमीने 1736 मध्ये ते तिकडे मागवून घेतलं. पांढरंशुभ्र 'अ‍ॅनाबेल' त्यातलंच, इलिनॉयमधल्या अ‍ॅना गावाजवळ सापडलेलं. आणि ओकसारख्या पानांचं क्वेर्सिफोलिया अमेरिकेचंच, पण दक्षिणेकडचं, अलाबामाचं राज्य-रानफूल. न्यू जर्सीत त्याला स्थानिक म्हणायचं की बाहेरचं? हे बाईंना विचारलं, तर त्यांनी तोच फॉर्म पुन्हा ईमेल केला.

शेवटी 'हायड्रेंजिया मॅक्रोफिला, उंची पाच फूट' लिहून 'बाहेरचं'वर खूण केली. एकही प्रश्न न येता मंजूर! म्हणजे बाहेरचं चालत होतंच, ह्यांना फक्त रकाना भरलेला बघायचा होता.

तर लेबलवर जातीचं नाव नसेल तर रोप उचलूच नका. भिंतीला खेटूनही लावू नका, काँक्रीटचा चुना मातीत उतरतो आणि निळी फुलं गुलाबी होतात. निळ्यासाठी माती आम्लधर्मी हवी, पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साडेपाचच्या खाली, तरच झाडाला मातीतलं अ‍ॅल्युमिनियम मिळतं. 'अ‍ॅनाबेल'वर ही मेहनत वाया, ते निळं होणार नाही.

हरणांचं राहिलंच. कोवळे शेंडे ती आवडीने खातात, जाळी लावा. आणि मॅक्रोफिला शरद ऋतूत छाटू नका, पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच धरलेल्या असतात. पॅनिक्युलाटा आणि अर्बोरेसेन्स नव्या फांद्यांवर फुलतात, ती हिवाळा सरताना खुशाल छाटा. अर्जही तेव्हाच टाका, म्हणजे दोनदा परत आला तरी मे महिन्यात रोप जमिनीत जाईल.