घाबरवायचं, पण बेतानं

अमेरिकेतल्या दुकानांत उन्हाळा सरायच्या आतच एक अख्खी रांग नारिंगी-काळी होऊन जाते. प्लास्टिकच्या कवट्या, रबरी वटवाघळं, कुणी जवळून गेलं की खदाखदा हसणारी चेटकीण. हे सगळं उचलून आणलं की घरात भुतापेक्षा भुताचं सामानच जास्त दिसतं. २०२० साली होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानसाखळीनं बारा फुटी सांगाडा विकायला काढला आणि लोक त्यावर तुटून पडले. लांबून छान दिसतो, फोटोही झकास येतो. पण त्याला घाबरतं कोण? आणि हॅलोविन सरल्यावर त्याला ठेवायचा कुठे? म्हणून तर कित्येक अंगणांत तो डिसेंबरात सांताची टोपी घालून आणि फेब्रुवारीत हातात लाल बदाम धरून उभा दिसतो.

हा सण जिथून आला त्या आयर्लंडमध्ये एवढा पसारा नव्हता. सुगी संपली, हिवाळा लागला, आणि ३१ ऑक्टोबरच्या त्या एका रात्री मेलेली माणसं फिरायला मोकळी, अशी तिथली जुनी समजूत. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस. गोव्यात आणि वसईत कबरींवर फुलं-मेणबत्त्या लागतात, तो हाच दिवस. आयरिश माणूस सलगम पोखरून त्याला तोंड कोरायचा आणि आत निखारा नाही तर मेणबत्तीचा तुकडा ठेवायचा. मेयो परगण्यातल्या संग्रहालयात डोनेगलच्या अशा एका सलगमाची प्लास्टरमधली प्रतिकृती आहे. सुरकुतलेलं, दात विचकलेलं ते तोंड बघून आजही पोटात गोळा येतो. अमेरिकेत गेल्यावर या लोकांना भोपळा मिळाला, मोठा आणि आतून आयताच पोकळ. काम सोपं झालं आणि भूत गुटगुटीत झालं.

तरी भोपळ्याला पर्याय नाही, आणि तो नीट कोरणं हे शिकण्यासारखं काम आहे. कोरायला विकतात ते बहुतेक भोपळे हाउडन जातीचे किंवा त्याच्या भाऊबंदांतले. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्यानं ही जात वाढवली ती रंगासाठी, खोल शिरांसाठी आणि दणकट देठासाठी. चवीचा संबंध नाही. त्याचा गर पाणचट आणि दोरेदार असतो, त्यामुळे ‘एवढा गर वाया कशाला घालवायचा’ म्हणून कुणी घारगे करायला घेतले तर गूळ घातला की पीठ आणखीच सैल होतं. घारग्यांना बटरनट आणावा. दिसायला वेगळा असला तरी आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला आहे, हाउडन मात्र निराळ्या. हाउडनच्या बिया तेवढ्या ठेवाव्यात. धुऊन, पुसून, तेल-मीठ-तिखट लावून १६० अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटं भाजल्या की झालं.

भोपळा घेताना तळ सपाट आहे ना ते बघावं, साल नखानं दाबून बघावी, आणि देठाला धरून कधीही उचलू नये. देठ मोडला की तिथूनच कुजायला लागतो. कोरायची घाईही करू नये. कोरलेला भोपळा हा शेवटी चिरलेल्या भाजीसारखाच असतो, थंड हवेत आठवडाभर निघाला तर नशीब. दिवसा ऊन तापत असेल तर तीन-चार दिवसांत आतून काळी बुरशी धरते. त्यामुळे २८ किंवा २९ तारखेला कोरावा. ज्यांना फारच हौस आहे त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून अख्खेच भोपळे मांडून ठेवावेत. न कापलेला भोपळा कोरड्या जागी महिनाभर सहज टिकतो.

आत खरी मेणबत्ती लावायची असेल तर वरून झाकण कापावं. सुरी सरळ उभी न धरता टोक मध्याकडे तिरपं ठेवून कापायचं, म्हणजे झाकण कडेवर बसतं. सरळ कापलं तर सुकून आकसतं आणि दुसऱ्याच दिवशी आत पडतं. मागच्या बाजूला झाकणात एक खाच ठेवली की ते पुन्हा कसं बसवायचं हे शोधत बसावं लागत नाही. धूर जायला झाकणाला छोटं भोकही हवं, नाही तर आतून करपतं आणि घरभर जळक्या भाजीचा वास सुटतो. एलईडी लावणार असाल तर वरती हातच लावू नये, तळाला भोक पाडावं. भोपळा जागच्या जागी दिव्यावर उपडा ठेवता येतो आणि डोकं शेवटपर्यंत ताठ राहतं.

मग खरवडणं. हे कंटाळवाणं काम आहे, आणि लोक इथेच अंगचोरपणा करतात. ज्या बाजूला तोंड येणार तिथली भिंत साधारण अडीच सेंटिमीटर उरेपर्यंत जाड कडेच्या चमच्यानं खरवडायची. जाड राहिली तर सुरी अडते आणि उजेड बाहेर येत नाही. फार पातळ झाली तर चेहरा दोन दिवसांत सुरकुततो. आतले दोरे एकूण एक काढायचे, कारण बुरशी आधी त्यांनाच धरते. चित्राचा कागद चिकटपट्टीनं लावून रेघांवरून टाचणीनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद काढायचा आणि वरून चिमूटभर कणीक चोळायची. पांढरे ठिपके उमटतात, ते जोडत जायचं. रांगोळीत हात बसलेल्यांना यापुढचं सांगावं लागत नाही.

कापायला स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेऊ नये. ती घसरते, आणि घसरली की बोटावरच येते. भोपळा कोरायच्या संचात बारीक दातांची चिमुकली करवत मिळते, दिसायला खेळण्यातली, पण तीच योग्य. आधी बारीक तुकडे, मधले आधी आणि कडेचे नंतर, जबडा सगळ्यात शेवटी. तोंडाचं मोठं भोक आधी पाडलं की भिंतीचा जोर जातो आणि नाक कापताना दात तुटतो. तुटलाच तर दातकोरणीची काडी अर्धी आत खुपसून परत बसवता येतो. दोन भोकांमध्ये दीड-दोन सेंटिमीटर तरी साल राहू द्यावी.

कोरून झाल्यावर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्यात भोपळा बुडवावा, निदान आतून फवारा मारावा. पूर्ण वाळला की कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा, म्हणजे पाणी उडून कडा आकसत नाहीत. जेली लावली की आत खरी ज्योत ठेवायची नाही. आणि मलूल झालेला भोपळा रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवला तर सकाळी चक्क ताठ होतो. पाहुणे यायच्या आदल्या रात्री ही युक्ती फार कामाला येते.

एवढं झालं की सजावटीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं दिवे घालवण्याचं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. छताचे दिवे बंद, जमिनीलगत दोन-तीन दिवे, रंग फार तर दोन. निळा खिडकीच्या बाजूला, चांदण्याचा भास व्हावा म्हणून, आणि जेवणाच्या टेबलापाशी नारिंगी. जांभळा, हिरवा, लाल सगळेच लावले की लग्नाचा हॉल होतो. चेहऱ्यावर, मूर्तीवर, सांगाड्यावर उजेड खालून टाकायचा. सूर्य काय, दिवा काय, उजेड वरूनच येतो याची आपल्या डोळ्यांना सवय. सावल्या उलट्या पडल्या की ओळखीचं तोंडही नीट ओळखू येत नाही. पायऱ्या आणि उंबरा मात्र अंधारात ठेवायचे नाहीत. त्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघर चॉकलेटं मागत फिरतात, आणि मुखवटा घातलेल्या, पायघोळ झगा सावरत येणाऱ्या पोराला पायाखालचं काही दिसत नसतं.

कोळ्याच्या जाळ्यांचं पुडकं मिळतं. त्यातला गोळा तसाच कोपऱ्यात कोंबला की उसवलेल्या गादीतून कापूस बाहेर आल्यासारखं दिसतं. गोळ्याचे आधी चार भाग करायचे. एकेक भाग दोघांनी दोन टोकांना धरून, पलीकडचं दिसेपर्यंत ताणायचा आणि खडबडीत जागी अडकवायचा. वर कोळी एकच, फार तर दोन, तेही खऱ्या मापाचे. अंगणातल्या झुडपांवर हे जाळं घालू नये. त्यात पक्षी अडकतात, आणि एका पावसात त्याचा लगदा होतो.

भूत करायचं तर मीटरभर पातळ मलमल पुरते. उंच बाटलीवर फुगवलेला फुगा बसवायचा, खांद्यांसाठी तार वाकवायची, फुग्यावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, नाही तर कापड फुग्याला चिकटून बसतं. पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन मलमल त्यात भिजवायची, पिळायची आणि वरून सोडायची. एक दिवस वाळली की फुगा फोडून काढून घ्यायचा. भूत आपल्या पायावर उभं! ते जुनंपुराणं दिसायला हवं असेल तर गोंदाआधी कापड चहाच्या कढत पाण्यात तासभर ठेवावं. सुती कापडावरच डाग चढतात, पॉलिस्टर कोरडं ते कोरडंच. टांगताना दाराच्या मधोमध टांगू नये, तिथे ते सगळ्यांना लगेच दिसतं आणि विषय संपतो. जिन्याच्या वळणावर, डोळ्यांच्या कडेला जेमतेम यावं असं टांगावं, आणि लांबून पंखा सगळ्यात हळू लावून ठेवावा.

धुराची हौस सांभाळून करावी. यंत्राचा धूर गरम असतो म्हणून वर जातो. बर्फाच्या खोक्यातून फिरवून सोडला की जमिनीवर रेंगाळतो. घरातला धुराचा अलार्म त्यानं हमखास वाजतो. तेव्हा अलार्मची बॅटरी न काढता यंत्रच अंगणात न्यावं. ड्राय आईस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हातानं धरायचा नाही, बंद डब्यात किंवा बाटलीत कोंडायचा नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची. सरबतात थेट टाकण्यापेक्षा मोठ्या घमेल्यात कोमट पाणी आणि ड्राय आईस, आणि त्यात सरबताचं भांडं, हे बरं. पाणी गार पडलं की धूर थांबतो, तेव्हा आणखी कोमट पाणी ओतायचं.

यातलं बहुतेक सगळं अंधारावर बेतलेलं आहे, आणि घोळ तिथेच होतो. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळं २००७ पासून अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, म्हणजे हॅलोविन अजून उन्हाळी वेळेतच. न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि सगळ्यात लहान मुलं पाचलाच पिशवी घेऊन दारात. त्यांच्यासाठी भोपळ्याचा हसरा चेहरा पुरेसा आहे. सात-साडेसातला येणाऱ्या मोठ्यांसाठी खिडक्या राखून ठेवाव्यात. काळ्या कार्डपेपरची आकृती, मागे बटर पेपर, आणि त्याच्या मागे मीटर-दीड मीटरवर दिवा. दिवा जवळ ठेवला तर मधोमध पांढरा गोळा दिसतो आणि चेटकिणीचं पोट पेटल्यागत वाटतं.

पोर्चचा दिवा चालू म्हणजे ‘या’, बंद म्हणजे ‘पुढच्या घरी’, हा तिथला अलिखित नियम. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाकडच्या मराठी घरांत यावरून २०२४ मध्ये गंमत झाली असणार. तिकडे लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आलं होतं. आकाशकंदील आणि पणत्या लावल्या की पोरं येणारच, मग पूजा कुठवर आली आहे ते बघत नाहीत. असा योग पुन्हा आला तर चॉकलेटांचं टोपलं आधीच दारापाशी ठेवावं, पणत्या झग्यांच्या घेराच्या वर कठड्यावर लावाव्यात, आणि रांगोळी दाराच्या मधोमध न काढता बाजूला काढावी. चाळीस जोडी बूट तिच्यावरून गेल्यावर कोयरी ओळखू येत नाही.

दुसऱ्या दिवशी जाळी कोरडी असतानाच ओढून काढावीत. ब्लीच लावलेला, रंगवलेला किंवा चमकी फासलेला भोपळा कंपोस्टात घालायचा नाही आणि हरणांसाठी मागच्या अंगणात टाकायचा नाही, तो सरळ कचऱ्यात जातो. साधा असेल तर मेण खरवडून, तुकडे करून कंपोस्टात. मात्र हे पहिल्या कडाक्याच्या थंडीआधी उरकावं, कारण एकदा गोठून वितळलेला भोपळा बसतो, आणि मग तो ओट्यावरून उचलायला फावडं लागतं.